तिसऱ्या रांगेतली बाई

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सागो नावाची कोळशाची खाण होती. २ जानेवारी २००६ रोजी सकाळी तिथं स्फोट झाला आणि १३ कामगार आत अडकले. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की १२ जण जिवंत सापडले. जवळच्या चर्चमध्ये ताटकळत बसलेले नातलग एकमेकांच्या गळ्यात पडले. त्याच रात्री ‘कोस्ट टू कोस्ट एएम’ या रेडिओ कार्यक्रमात सिल्व्हिया ब्राउन पाहुणी म्हणून बोलत होती. अमेरिकेतली ही नामांकित सायकिक. मेलेल्यांशी आपलं बोलणं होतं, पुढचं आपल्याला दिसतं, असा तिचा दावा. निवेदकानं या सुटकेचा विषय काढला, तेव्हा ते सापडणार हे आपल्याला ठाऊकच होतं, असं ती म्हणाली. कार्यक्रम संपायच्या आत बातमी उलटली. १२ जण मेले होते, एकटा वाचला होता. मग त्याच कार्यक्रमात, त्याच घोगऱ्या, ठाम आवाजात तिनं सांगितलं की आत कुणी जिवंत असेल असं आपल्याला वाटत नाही.

ब्लॅक कॉमेडी लिहू पाहणाऱ्याला हा प्रसंग आयता हाती आल्यासारखा वाटतो. पात्र आहे, घड्याळाचा काटा आहे, आणि सगळ्या देशासमोर मारलेली कोलांटउडी आहे. पण लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न आडवा येतो. यात हसायचं कुणी? चर्चमध्ये आनंदानं रडून झाल्यावर तीन तासांनी पुन्हा रडायची वेळ आलेल्या बायकांनी?

रंगमंचावरच्या फटकळ सायकिकवर संहिता लिहिण्याची सगळी गोम या प्रश्नात आहे. ती नीट कळायची तर आधी हा धंदा चालतो कसा ते पाहायला हवं. कारण या धंद्याला फटकळपणा मुळात परवडतच नाही. तो उभा राहतो गुळमुळीत बोलण्यावर.

समजा, नाट्यगृहात ४०० माणसं बसली आहेत. दिवे मंद होतात, मंचावरची बाई डोळे मिटते आणि म्हणते, “‘स’ ऐकू येतंय... किंवा ‘श’ असेल... वडीलधारं माणूस आहे... छातीशी काहीतरी दुखणं.” ४०० मराठी माणसांत सदाशिव, सुमन, शांता, शंकर यांपैकी कुणीतरी गेलेलं असणारच, आणि म्हातारपणी गेलेल्या माणसाच्या कहाणीत हृदय किंवा फुप्फुस कुठेतरी येतंच. हात वर होतो. आता बाई विचारते, “पुण्याशी काही संबंध नाही ना?” हा प्रश्न दोन्हीकडून धार असलेल्या सुरीसारखा आहे. उत्तर ‘आहे’ आलं, तर ती म्हणते, “वाटलंच मला.” ‘नाही’ आलं, तर, “तेच, मलाही पुणं दिसत नव्हतं.” प्रश्नातल्या त्या शेवटच्या ‘नाही ना’वर सगळा डाव उभा असतो. याला कोल्ड रीडिंग म्हणतात. त्यातलं निम्म्याहून जास्त काम समोरचा माणूस करतो. सुटे धागे तोच जोडतो, नाव तोच पुरवतो, आणि घरी जाताना ‘तिनं सगळं आपणहून सांगितलं’ असं सांगतो. त्याला कुणी खोटारडा म्हणू नये. त्याला गेलेल्या माणसाची आठवण येत असते आणि तो त्या आठवणीला वाट करून देत असतो.

बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या वर्गात एक प्रयोग केला. ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याभरानं प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ व्यक्तिचित्र ठेवलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. संवाद लिहिणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. रंगमंचावरच्या सायकिकची वाक्यं लिहिताना ती भारदस्त, गूढ करण्याचा मोह होतो. खऱ्या प्रयोगातली वाक्यं मात्र अगदी साधी, कुणालाही होतील अशा ढगळ अंगरख्यासारखी असतात.

दुसरी रीत आधीच माहिती काढून ठेवण्याची. ब्रिटनमधली डोरिस स्टोक्स १९८०च्या दशकात लंडनचं पॅलेडियम थिएटर भरवायची. प्रयोगात ज्यांना अचूक निरोप मिळाले, त्यांतले काही जण आधीच तिच्या संपर्कात आलेले होते आणि त्यांना पुढच्या रांगांत बसवलं होतं, असं लेखक इयन विल्सन यांनी त्या लोकांशी बोलून नोंदवलं. पीटर पॉपॉफ सायकिक नव्हता, दैवी शक्तीनं आजार बरे करतो म्हणणारा प्रचारक होता. पण त्याची तऱ्हा हीच. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच्या सभेत रेडिओ लहरी पकडणारं यंत्र नेलं. ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफची बायको बोलताना सापडली. भाविकांनी आत शिरताना भरून दिलेल्या कार्डांवरची नावं, पत्ते, आजार ती त्याच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवत होती. रँडींनी ते ध्वनिमुद्रण जॉनी कार्सनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात देशाला ऐकवलं आणि पुढच्याच वर्षी पॉपॉफनं दिवाळं जाहीर केलं. मंचावर गहिवरलेला आवाज आणि कानात बायकोचा रोखठोक, व्यवहारी आवाज. नाटककाराला एवढ्यात दोन पात्रं मिळतात, आणि त्यांतलं फटकळ पात्र प्रेक्षकांना दिसतच नाही.

मंचावर उभं राहून खरं बोललं तर काय होतं, याचाही एक दाखला इतिहासात आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात १८४८च्या मार्चअखेरीस फॉक्स कुटुंबातल्या दोन मुलींच्या खोलीत ठकठक ऐकू येऊ लागली. एका मृतात्म्याशी संभाषण सुरू झाल्याचा बोभाटा झाला आणि मृतांशी बोलण्याची एक मोठी चळवळच त्या ठकठकीतून उभी राहिली. ४० वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांतली मार्गारेट न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकच्या मंचावर आली. पायातले जोडे काढून तिनं पायाच्या बोटाचा सांधा मोडून दाखवला. तोच तो आवाज, भरलेल्या सभागृहात सगळ्यांना ऐकू गेला. आयुष्यभराची लबाडी तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केली. चळवळ संपली का? नाही. श्रद्धाळूंनी सांगितलं की ती दारूच्या आहारी गेली आहे, पैशासाठी खोटं बोलते आहे. पुढच्या वर्षी तिनं कबुलीजबाब मागं घेतला. १८९३ साली ती हलाखीत वारली.

या प्रवेशाइतका काळाकुट्ट आणि तरीही ओठांवर हसू आणणारा प्रवेश कल्पनेनं लिहिणं कठीण आहे. एक बाई अनवाणी उभी राहून जिवाच्या आकांतानं सांगते आहे की मी तुम्हाला फसवलं, आणि माणसं तिची समजूत घालत आहेत की छे, तू नाही फसवलंस. इथं हसू येतं ते बाईला नाही, खोलीत मृतांना आणून बसवण्याच्या माणसाच्या हट्टाला येतं. आणि तो हट्ट आपल्याही घरात असल्यामुळं ते हसू घशाशी थांबतं.

आता पुन्हा सिल्व्हिया ब्राउन. तिनं धंद्याचा नियम मोडला होता. ती गोलगोल बोलायची नाही. माँटेल विल्यम्स यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बुधवारी यायची आणि समोरच्याला काय ते एका वाक्यात तोडून सांगायची. नवरा परत येणार नाही. ही नोकरी सोड. मुलगा गेला. लोकांना तिच्या या तोंडाचंच आकर्षण होतं. जी भीड ठेवत नाही ती खोटं कशाला बोलेल, असा हिशेब.

महाराष्ट्राला हा हिशेब परका नाही. शिव्या हासडणारा, अंगावर धावून येणारा, दगड मारणारा बाबा जास्त पोहोचलेला मानायची रीत आपल्याकडे गावोगाव आहे. त्याची शिवी हाच प्रसाद. गोड बोलणाऱ्यावर संशय येतो; तुसड्या माणसाला काही नको असेल असं वाटतं. ब्राउनला कॅलिफोर्नियात जे उमगलं होतं, ते आपल्या कितीतरी अवलियांना कुणी न शिकवता उमगलेलं असतं.

त्या तोडून बोलण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. क्लीव्हलंड शहरातली एक मुलगी २००३च्या एप्रिलमध्ये, सतराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली होती. नोव्हेंबर २००४मध्ये तिची आई त्या कार्यक्रमात आली. ब्राउननं कॅमेऱ्यासमोर तिला सांगितलं की मुलगी आता जिवंत नाही. आई कोसळली. परत गेल्यावर तिनं मुलीच्या वस्तूंची आवराआवर सुरू केली. मार्च २००६मध्ये ती वारली. ६ मे २०१३ रोजी तिची मुलगी त्याच शहरातल्या एका घराचं दार तोडून बाहेर आली. दहा वर्षं तिला तिथं डांबून ठेवलं होतं. कोंडलेल्या घरातल्या दूरचित्रवाणी संचावर तिनं आपल्यासाठी झगडणारी आई पाहिली होती. मिसुरीतल्या एका हरवलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही ब्राउननं २००३ साली असंच सांगितलं होतं. तो २००७च्या जानेवारीत जिवंत सापडला. हरवलेल्या आणि खून झालेल्या माणसांबद्दलची तिची ११५ भाकितं दोन अभ्यासकांनी २०१० साली एका विज्ञानवादी नियतकालिकात तपासली. ज्यांचा निकाल लागला होता, त्यांत एकही खरं ठरलेलं नव्हतं. आपण ८८व्या वर्षी मरू असं तिनं सांगून ठेवलं होतं. २० नोव्हेंबर २०१३ रोजी ती गेली, तेव्हा ७७ वर्षांची होती.

तिच्या मरणाच्या तारखेवर अनेकांनी विनोद केले. संहिता लिहिणाऱ्यानं तिथं थांबू नये. त्या आईचं काय, हे विचारल्याशिवाय ही कथा पुढं सरकत नाही, आणि ज्या लेखकाला ती आई दिसत नाही त्याच्या लेखणीतून उतरतं ते नुसतं निर्ढावलेपण.

ज्यांनी हा विषय पेलला, त्यांनी हा प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी सोडवला. नोएल कॉवर्डचं ‘ब्लाइथ स्पिरिट’ हे नाटक पाहा. मे १९४१मध्ये, लंडनवर बॉम्ब पडून गेलेले असताना, वेल्समधल्या पोर्टमेरियन गावी राहून त्यानं ते आठवड्याभरात लिहिलं. जुलैत लंडनमध्ये नाटक लागलं आणि १,९९७ प्रयोग चाललं. त्यातला कादंबरीकार मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या एखाद्या लबाड माध्यमावर पुस्तक लिहायचं म्हणून मादाम आर्काती नावाच्या बाईला घरी बोलावतो. तिच्या हातचलाख्या टिपून घ्यायचा त्याचा बेत, आणि येते ती त्याची मेलेली पहिली बायको. ज्या देशात दर आठवड्याला घरातलं कुणी ना कुणी मरत होतं, तिथं भुतांवरचं हे नाटक माणसं रांगा लावून पाहत होती. कॉवर्डनं यातलं गुपित स्वतःच सांगून ठेवलं आहे: या नाटकात हृदय नाही, ते असतं तर कथा दुःखाची झाली असती. त्यानं जाणूनबुजून एकही शोकाकुल माणूस मंचावर येऊ दिला नाही. बायका मरतात, त्यांच्यासाठी कुणी रडत नाही, म्हणून हसता येतं. मादाम आर्कातीही सायकलवरून येणारी धडधाकट, स्पष्टवक्ती बाई. आणि ती प्रामाणिक आहे. लबाडी शोधायला निघालेला लेखकच तोंडघशी पडतो.

आल्फ्रेड हिचकॉकनं ‘फॅमिली प्लॉट’ या १९७६च्या आपल्या शेवटच्या चित्रपटात नफ्यातोट्याची वाट धरली. खोटी सायकिक आणि तिच्यासाठी माहिती हुडकणारा टॅक्सीवाला मित्र एका म्हातारीच्या १०,००० डॉलरच्या मागं लागतात, आणि वारसदार शोधता शोधता अट्टल गुन्हेगारांच्या दारात जाऊन उभे राहतात. छोटी लबाडी मोठ्या लबाडीसमोर केविलवाणी दिसते. त्यातून विनोद झरतो.

पण या विषयावर सगळ्यात खोल गेली हिलरी मँटेल. तिची ‘बियाँड ब्लॅक’ ही कादंबरी २००५ची. लंडनभोवतीच्या एम२५ या वर्तुळाकार महामार्गालगतच्या कळाहीन उपनगरांत ॲलिसन नावाची लठ्ठ, मायाळू बाई सभागृहं भाड्यानं घेऊन मृतांचे निरोप पोहोचवते. मँटेलनं इथं एक धाडस केलं. ॲलिसनला मृत माणसं खरोखर दिसतात. आणि ती मृत माणसं क्षुद्र आहेत, शिवराळ आहेत, गोंधळलेली आहेत. जिवंतपणी जशी होती तशीच. तिचा मार्गदर्शक आत्मा मॉरिस हा अत्यंत किळसवाणा मनुष्य आहे. त्यामुळं ॲलिसनचं खरं कौशल्य मृतांचं ऐकण्यात नाही, ते गाळून सांगण्यात आहे. वर काय चाललं आहे ते ती विधवांना सांगत नाही. तिच्याऐवजी फटकळ आहे ती हिशेब ठेवणारी सहायक कोलेट. म्हणजे मँटेलनं फटकळपणा मंचावरच्या बाईच्या तोंडातून काढून एकीकडे मृतांना आणि दुसरीकडे कारकुनी मनाच्या सोबतिणीला वाटून दिला. मधे उभी असलेली बाई दोन्हीकडून मार खाते आणि प्रेक्षकांना गोड हसून दाखवते. वाचक हसतो आणि त्याच दमात त्याला तिची काळजी वाटते. ब्राउनच्या वाटेवर जे हरवलं होतं, ते हेच.

आता एक प्रवेश मराठीत उभा करून पाहू. तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह. तिसरी घंटा झाली आहे, पंखे कुरकुरताहेत. मंचावरची ताई फटकळ म्हणून प्रसिद्ध. तिसऱ्या रांगेतल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या एका काकूंकडे ती बोट करते. पहिल्या खर्ड्यात संवाद बहुधा असा उतरेल:

“काकू, तुमचे मिस्टर आलेत.”
“काय म्हणतात?”
“काही नाही. चाळीस वर्षं कधी बोलले नाहीत, आता मेल्यावर काय बोलणार?”

वाक्य टाळीचं आहे. नाट्यगृह हसेल. काकू मात्र मान खाली घालून बसतील आणि लेखकाला त्यांच्याकडे पुन्हा पाहण्याचं कारण उरणार नाही. हाच प्रवेश एक वाक्य इकडचं तिकडे करून लिहिला तर?

“काकू, तुमचे मिस्टर आलेत.”
“काय म्हणतात?”
“काही नाही. गप्प बसलेत.”
“मग तेच आहेत.”

आता पहिलं हसू काकूंचं आहे. नाट्यगृह त्यांच्यामागून हसतं. ताई त्यांच्याकडे नव्यानं पाहते, हसू ओसरायची वाट बघते आणि विचारते, “मग आज काय ऐकायला आलात?” पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. ताईचा प्रश्न फटकळ आहे, पण तिला त्याचं उत्तर माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव ती आणत नाही. ज्याच्यावर सत्य कोसळतं, त्याला आधी हसू द्यायचं. या एका बदलानं प्रवेशाचा रंग पालटतो. पहिल्या खर्ड्यातली ताई धंदा करते. दुसऱ्या खर्ड्यातल्या ताईला क्षणभर धंद्याचा विसर पडतो, आणि संहितेला पुढचा अंक इथून मिळतो.

कथा महाराष्ट्रात घडवायची असेल तर आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर हवी. ब्रिटनमध्ये मृतांशी बोलणाऱ्या माध्यमांकडून होणाऱ्या फसवणुकीविरुद्धचा १९५१चा कायदा २००८ साली जाऊन तिथं ग्राहकसंरक्षणाचे नियम आले, आणि अशा प्रयोगांच्या जाहिरातींत ‘केवळ करमणुकीसाठी’ अशा सूचना दिसू लागल्या. आपल्याकडचा रस्ता रक्तातून गेलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हा त्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि पाच हजार ते पन्नास हजारांपर्यंत दंड. मराठी लेखकाची ताई मंचावर पाऊल ठेवते, तेव्हा हे सगळं विंगेत उभं असतं. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा एखादा कार्यकर्ता चौथ्या रांगेत वही घेऊन बसलेला दाखवायला हरकत नाही. मात्र त्याला खलनायक किंवा विदूषक करू नये. तोही काकूंसाठीच आला आहे.

राहता राहिला शेवट. बहुतेक संहितांत सायकिकचं पितळ उघडं पडतं आणि पडदा पडतो. फॉक्स भगिनींची हकीकत वाचल्यावर तो शेवट खोटा वाटू लागतो. पितळ उघडं पडल्यावरही माणसं येत राहतात. आपल्या ताईचा शेवट म्हणून रंगपटात घडायला हवा. प्रयोग संपला आहे. ती खोबरेल चोळून तोंडावरचा रंग पुसते आहे. दारात काकू येऊन उभ्या राहतात. मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या आल्या आहेत. नवरा जाऊन चार महिने झाले, लोखंडी कपाटाची किल्ली सापडत नाही, आत पेन्शनचे कागद आहेत. “तेवढं विचारून सांगा.”

ताईच्या तोंडात तयार वाक्य आलेलं असतं: उंच जागा दिसतेय, कापडाखाली, धातूच्या डब्यात. मराठी घरातल्या निम्म्या हरवलेल्या वस्तू अशाच ठिकाणी सापडतात. ती तोंड उघडते, मिटते, हातातला बोळा खाली ठेवते.

“मला माहीत नाही, काकू. कुलूपवाल्याला बोलवा.”

काकू थोडा वेळ उभ्या राहतात. मग पिशवीतून घडी घातलेलं तिकीट काढून टेबलावर ठेवतात. ताई ३०० रुपये मोजून देते. काकू ते पुन्हा एकदा मोजून घेतात.